नळीमागची जागा

आमच्या मिस्त्रींनी उभ्या आयुष्यात एकदाच ट्रकमध्ये पाऊल ठेवलं, आणि तेही विमानातून उतरल्यावर. इथंच ज्यांचा विश्वास डळमळला असेल त्यांनी पुढं वाचायची तसदी घेऊ नये, कारण पुढचं याहून अवघड आहे आणि मी त्यातला एकही शब्द कमी करणार नाही. एखादा वाढला तर मात्र हमी देत नाही.

मिस्त्रींचं दुकान लोधिवलीच्या अलीकडे, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून, एका बंद पडलेल्या भाताच्या गिरणीत होतं. घाट उतरून तापलेले आणि घाट चढायच्या आधीच धापा टाकणारे ट्रक दिवसभर दारावरून जायचे. दुसरा कोणी असता तर त्या धापांवर त्यानं बंगला बांधला असता. मिस्त्रींनी दारावर पाटी लावली होती : ‘येथे जमिनीवर चालणाऱ्या वाहनांची कामे होत नाहीत.’ खाली बारीक अक्षरांत : ‘आग्रह करू नये.’ ती पाटी मीच रंगवलेली. मी चौकच्या शाळेत चित्रकला शिकवायचो.

एकदा एक ट्रकवाला पाटीखालीच बसून राहिला. पिस्टन गेला होता बिचाऱ्याचा. मिस्त्रींनी त्याला चहा पाजला, दुपारी जेवू घातलं, त्याच्या इंजिनात नेमकं काय झालंय ते तासभर समजावून सांगितलं, आणि खोपोलीच्या एका मेकॅनिकचा पत्ता दिला.

“तुमी एवढं सांगितलंत, मग तुमीच करा ना,” ट्रकवाला म्हणाला.

“ट्रक बंद पडला तर क्लीनर खाली उतरतो,” मिस्त्री म्हणाले. “विमान बंद पडलं तर कोण उतरणार? आणि कुठं? ज्यात चुकलं तरी चालतं, ते काम मी घेत नाही. हात बिघडतो.”

तर त्यांचं काम होतं विमानांच्या जुन्या इंजिनांचे भाग करण्याचं. लढाईच्या काळातली, पंखावर पंख असलेली, कापडानं मढवलेली शिकाऊ विमानं तेव्हा फ्लाइंग क्लबांत उडत असत. ती इंजिनं बनवणाऱ्यांनी बनवणं कधीच सोडलं होतं, आणि परदेशातून एखादा भाग मागवावा तर परवानगीचा कागद येईपर्यंत विमानात चिमण्यांची दुसरी पिढी वाढायची. मग क्लबातला कोणीतरी रुमालात गुंडाळलेला झिजका भाग घेऊन लोधिवलीला उतरे आणि म्हणे, “मिस्त्री, असाच एक द्या.”

इथं मिस्त्री बिघडत. “असाच कशाला? हा टिकला नाही म्हणून तर आलात ना? याच्याहून बरा देतो.”

हुबेहूब नक्कल करणं त्यांना जमतच नसे. समोर भाग ठेवला की दोन मिनिटांत त्यांना त्यातली खोड दिसे, आणि खोड दिसल्यावर तशीच ठेवणं म्हणजे त्यांच्या मते आंधळ्याला खड्ड्याकडे वाट दाखवणं. पण मिस्त्रींकडे परवाना नव्हता. लढाईच्या दिवसांत विमानं दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात ते शिकले; हाताला सगळं येत होतं, कागदावर काहीच नव्हतं. त्यामुळे त्यांनी घडवलेला भाग क्लबच्या परवानेवाल्या इंजिनिअरच्या सहीनं उडायचा, ‘जुनाच साफसूफ करून बसवला’ असं लिहून.

त्याचं मिस्त्रींना दुःख नव्हतं. दुःख एकाच गोष्टीचं होतं. कारखान्यातल्या त्यांच्या उस्तादानं त्यांना एक नियम घालून दिला होता : ज्यानं भाग केला, त्यानं पहिल्या उड्डाणात त्याच्यामागं बसायचं. छाती नसेल तर भाग करू नये. त्या विमानांत एकामागं एक दोन उघड्या जागा असतात. मागे वैमानिक, आणि पुढची जागा इंजिनाला अगदी चिकटून. ती पुढची जागा मिस्त्रींना हवी होती. वीस वर्षं त्यांचे भाग आभाळात फिरत होते आणि मिस्त्री जमिनीवर, कारण कागदोपत्री त्यांनी काहीच केलेलं नव्हतं.

पुण्याच्या क्लबचे एक कॅप्टन होते, मिशीवाले, आनंदी गृहस्थ. ते पुष्कळदा म्हणायचे, “मिस्त्री, चला, एक फेरी मारून आणतो.”

“पाहुणा म्हणून?”

“पाहुणा म्हणून.”

“मग नको. पाहुण्याला देखावा बघायला बसवतात. मला माझ्या भागामागं बसायचंय.”

माझी त्यांची ओळख झाली ती केसावरून. एके दिवशी शाळा सुटल्यावर ते दारात उभे. “रेघ सरळ मारता येते का?” म्हणाले. येते म्हटलं. ते जवळ आले, माझ्या डोक्यावरचा एक केस उपटला, अंगठा आणि बोटात फिरवला आणि म्हणाले, “अडीच. चालेल.” मग कळलं की इंचाचा हजारावा भाग हे त्यांच्या धंद्यातलं माप, आणि मिस्त्री ते आधी केसानं घेत, मग मायक्रोमीटरनं पडताळत. दोघांत फरक आला तर मायक्रोमीटरला शिव्या बसत. आगपेट्यांमध्ये केस नीट ठेवलेले असत, वर चिठ्ठी : ‘मास्तर’, ‘टांग्याचा घोडा’, ‘काशीबाय’. काशीबायचा केस पुरता तीन भरायचा आणि बारा महिने तेवढाच राहायचा, म्हणून तो प्रमाण. माझा पुढं पुढं बारीक होत गेला. आज माझं टक्कल बघून लोक घराण्यात होतं का विचारतात. घराण्यात काही नव्हतं, सगळं लोधिवलीला गेलं.

मला त्यांनी नेलं नकाशे काढायला. मिस्त्रींची पद्धत उलटी. आधी भाग, मग नकाशा. पहिला नकाशा मी जीव ओतून काढला. छायाप्रकाश दिला, कडेला थोडी वेलबुट्टी. मिस्त्री बराच वेळ बघत राहिले. “मास्तर, हिचं लग्न जमवायचं नाहीये,” म्हणाले.

काशीबाय म्हणजे गिरणीच्या मागच्या शेतांची मालकीण. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं भात केलं, घर बांधलं, आणि उरलेल्या वेळात मिस्त्रींवर लक्ष ठेवलं. ती एकदा पाण्याचा पंप डोक्यावर घेऊन आली.

“काय रं मिस्त्री, ह्यो पानी वडत नाय. बग जरा.”

मी पाटीकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, “मास्तर, पंप काय चालतो व्हय? एका जागी तर बसतो.” मिस्त्रींना हा मुद्दा पटला. त्यांनी त्या पंपाला विमानाच्या पिस्टनसारखी रिंग घडवून बसवली. त्यानंतर तो पंप असा पाणी फेकू लागला की बांधावरच्या आंब्याच्या कैऱ्या पाडायला त्या उन्हाळ्यात काठी लागली नाही.

रिंग म्हणजे पिस्टनवर बसते ती लोखंडी कडी. मिस्त्री प्रत्येक रिंग कडाप्प्याच्या फरशीवर टाकून ऐकत. चांगली असेल तर ‘टिण्ण’ म्हणे, आत भेग असेल तर ‘टक्’. ‘टक्’ म्हणणारी रिंग त्याच क्षणी खिडकीतून बाहेर भिरकावली जाई, आणि खिडकीखाली काशीबायच्या कोंबड्या चरत. महिन्याभरात कोंबड्या शिकल्या. ‘टिण्ण’ झालं तर मान वर करत नसत, ‘टक्’ झालं की पांगत. एक तुरेवाला कोंबडा तर ‘टक्’ व्हायच्या आधीच पळायचा, असं मी गेली कैक वर्षं सांगत आलोय आणि अजून कोणी ते खोडून काढलेलं नाही.

आता विमानाकडे येतो.

भाताची कापणी होऊन शेतं कोरडी पडली होती, खळ्यांवर झोडणी चालू होती. दुपारी आकाशात घरघर आली. मिस्त्री लेथवर होते. त्यांनी लेथ थांबवला, मान तिरकी केली. “कॅप्टन,” म्हणाले. मग म्हणाले, “तीनवर चाललंय.” म्हणजे चारांपैकी एक सिलिंडर मेला होता. आम्ही बाहेर धावलो तोवर ते पिवळं विमान गिरणीवरून उतरत काशीबायच्या शेतात टेकलं, धडधडत दोन बांध ओलांडून गेलं, आणि शेताच्या टोकाला, काशीबाय आणि तिचा धाकटा दीर रामा यांच्यामधल्या बांधाला नाक लावून उभं राहिलं. काशीबाय हातातला भारा न टाकता आली.

“ए बाबा, कुठं घातलंस रं ह्ये? मला वाल पेरायचाय हितं.”

कॅप्टननी हेल्मेट काढून तिला नमस्कार केला. “मावशी, उतरायला तुमच्याइतकी सपाट जागा दिसली नाही.”

“सपाट हाय म्हनून का इमान पेरायचं? ओल हाय तवर वाल पडाया पायजे. दहा दिस. मंग मी बैल जुंपून वढीन, सांगून ठेवते.”

मिस्त्रींनी तोवर विमानाचं नाक उघडलं होतं. हे इंजिन उलटं असतं, डोकं खाली आणि पाय वर, कायम शीर्षासनात. त्यात जळालेला धूर बाहेर सोडायला प्रत्येक सिलिंडरला एक व्हॉल्व्ह, आणि त्या व्हॉल्व्हची दांडी सरकते ती बोटभर नळी. त्याच नळीत काजळी साठून दांडी अडकली होती. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर असं तेज आलं की कॅप्टन घाबरले.

“कॅप्टन, ही नळी माझी नाही.”

“नाही. जुन्या साठ्यातली, कागदपत्रांसकट मिळालेली.”

“माझी नळी तीन वर्षं झाली तयार आहे. माप वेगळं म्हणून कोणी घेत नाही.”

ती नळी मी पाहिली होती, तिचे नकाशे काढले होते. मुंबईत भंगारात आलेल्या एका बोटीच्या पंख्याच्या दांड्याला कांस्याचा जाड वेढा होता; तो कापून मिस्त्रींनी एका इंजिनाला पुरतील अशा चार नळ्या केल्या. पाण्यातल्या पंख्यानं मुंबई पाहिली, आता हवेतल्यानं पाहावी, म्हणायचे. नळीच्या गरम तोंडाशी त्यांनी अर्ध्या काशीबाय-केसाइतकी जास्त सैल जागा ठेवली होती, आणि कडेला आतून एक बारीक धार. दांडी आत येताना काजळी त्या धारेवर खरवडून बाहेरच राही. हे सुचलं कसं, तर काशीबाय शेतातून आली की पायरीच्या कडेवर चिखलाचे पाय घासूनच घरात शिरे, ते बघून.

तीन दिवसांनी विमानखात्याचे तपासनीस साहेब आले. किडकिडीत, बिनसाखरेचा चहा पिणारे, छत्रीसुद्धा कात्रीसारखी धरणारे. विमान पाहिलं, मग गिरणीत आले. लेथ पाहिला, फळ्यांवरचे भाग पाहिले, आगपेट्या पाहिल्या. त्यांचा आवाज थंड होत गेला.

“परवाना?”

“नाही,” मिस्त्री म्हणाले.

“मग हे सगळं काय आहे?”

“हे आहे.”

“याला कुलूप लागू शकतं, कल्पना आहे?”

“लावा. आधी नळी तपासा.”

साहेबांनी नळी खिडकीतल्या उजेडात धरली. माझा नकाशा घेतला, स्वतःचं मापयंत्र काढलं, आठ ठिकाणी मापं घेतली. वहीत काही लिहिलं, खोडलं. “इथं दीड हजारांश जास्त सैल आहे.”

“आहे.”

“का?”

मिस्त्रींनी त्यांना बाहेर नेलं आणि काशीबायची पायरी दाखवली. साहेब पायरीकडे बघत उभे राहिले. काशीबाय दारातून म्हणाली, “बसा सायेब. पाय घासून या मातर.”

साहेबांनी तिथं बसून जो निर्णय दिला तो मी शब्दशः सांगतो. “इंजिन उतरवा. दोन सिलिंडरना जुन्या नळ्या, दोनांना तुमच्या. जमिनीवर बांधून पन्नास तास चालवा. मी इथे बसून बघणार. तुमच्या टिकल्या आणि जुन्यांहून सरस निघाल्या, तर चारही तुमच्या बसतील, आणि कागदावर करणाऱ्याचं नाव तुमचं लागेल. नाही टिकल्या, तर विमान सुटं करून ट्रकनं जाईल, आणि तुम्ही यापुढे विमानाच्या स्क्रूलाही हात लावायचा नाही.”

“नाव लागलं,” मिस्त्री म्हणाले, “तर पुढच्या जागेवर मी बसेन?”

साहेबांना हे कळलं नाही. कॅप्टननी समजावून सांगितलं. साहेबांनी मिस्त्रींकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. “नाव लागलं तर तुमचा हक्कच आहे,” म्हणाले.

गिरणीच्या तुळया काढून घोडा केला, तो चिंचेच्या बुंध्याला साखळ्यांनी जखडला, त्यावर इंजिन, पुढं पंखा. कॅप्टननी पेट्रोलची पिंपं आणवली. रोज दहा तास, पाच दिवस. पहिल्या सकाळी इंजिन सुरू झालं तेव्हा चिंचेची त्या वर्षीची सगळी पानं एका दमात गेली. आणि पंख्यामागून असा वारा सुटला की मागच्या बाजूला वाळत घातलेलं माझं धोतर मला संध्याकाळी पळसदरीच्या बाजूनं आलेल्या एका माणसानं आणून दिलं.

तो वारा काशीबायनं पाहिला. तिनं काही विचारलं नाही. खळ्यावरचं झोडलेलं भात आणून पंख्याच्या मागं, लांबवर, तिनं सूप उंच धरलं. दाणे सरळ पायाशी, भूस थेट रस्त्यापलीकडे. आठ दिवसांचं वारवणं दुपारपर्यंत उरकलं. दुसऱ्या दिवशी अख्खी लोधिवली सुपं घेऊन हजर. तिसऱ्या दिवशी चौकहून बैलगाड्या आल्या. साहेब खुर्चीत बसून दर अर्ध्या तासाला आकडे लिहीत होते, आणि चौथ्या दिवशी मी त्यांना एका म्हातारीचं सूप धरताना पाहिलं. मी त्यांना पाहिलं नाही असं त्यांना वाटत होतं.

मिस्त्री जेवायलाही उठत नव्हते. शिसवीचा एक हातभर दांडका होता त्यांचा. एक टोक इंजिनावर, दुसरं कानाला. दर थोड्या वेळानं दांडका पुढच्या सिलिंडरवर. मी विचारलं, “काय म्हणतंय?”

“दोन म्हाताऱ्या कुरकुरतायत. दोन पोरी कामात आहेत.”

घोटाळा केला रामानं. वाऱ्याचा झोत पडायचा काशीबायच्या बाजूला. तिचा आणि रामाचा मधल्या बांधावरून उभा दावा. दर पावसाळ्यात बांधाला चिखलाचा लेप देताना समोरचा तो बोटभर आपल्या सोयीनं सरकवतो, अशी दोघांचीही खात्री. तिच्या बाजूला सूप धरायला रामा मेला तरी जाणार नव्हता. पाचव्या दिवशी दुपारी त्यानं विचार केला की पंखा मागं वारा फेकतो, म्हणजे पुढून ओढत असणार. मग पुढंच धरू. दोरी बांधली होती, ती ओलांडून तो पंख्याच्या समोर, दहा पावलांवर आला आणि टोपलीभर भात त्यानं हवेत उडवलं.

दाणे गोळ्यांसारखे उडाले. साहेबांच्या टोपीला भोक पडलं. मी ते स्वतः पाहिलं, आणि टोपी आधीपासून जुनी होती हे म्हणणं मला मान्य नाही. पण दाण्यांचं काही नाही. भूस सगळं इंजिनात ओढलं गेलं आणि सिलिंडरच्या अंगावर थंडाव्यासाठी ज्या पातळ चकत्या असतात त्यांच्या फटींत गच्च बसलं. वारा बंद, उष्णता सुरू. जळक्या भुसाचा वास आला. मिस्त्री खटक्याकडे धावले, आणि साहेबांनी त्यांचा दंड धरला.

“थांबा.”

“जळेल साहेब.”

“दोन तास उरलेत. थांबा. आता कळेल.” त्या थंड माणसाचे कान लाल झाले होते.

काशीबाय रामावर ओरडत होती, “डोळं हाईत का कवड्या रं? त्याच्या पोटावर पाय दिलास तू.” रामा हातात रिकामी टोपली घेऊन तसाच उभा. त्याला सरकायचंही सुचेना.

पाच मिनिटं गेली. मग इंजिन लंगडलं. घोडा हादरू लागला, साखळ्या वाजू लागल्या. गावाची सुपं खाली आली. एक सिलिंडर मेला होता, आणि तो कोणाचा हे कोणालाच माहीत नव्हतं. मिस्त्रींचं सगळं आयुष्य त्या क्षणी चारांपैकी एकात होतं. त्यांनी दांडका उचलला. पहिल्यावर टेकवला. दुसऱ्यावर. त्यांच्या हनुवटीवरून घाम गळत होता. तिसऱ्यावर. चौथ्यावर. पुन्हा तिसऱ्यावर. मग त्यांनी दांडका खाली ठेवला आणि म्हणाले, “तीन नंबर. म्हातारी गेली.”

“आवाजावरून मी लिहू शकत नाही,” साहेब म्हणाले. त्यांनी स्वतः खटका बंद केला. पंखा थांबला. साहेबांनी पिण्याच्या पाण्याच्या लोट्यात बोटं बुडवली आणि एकेका सिलिंडरवर पाणी शिंपडलं. पहिला चर्रर्र. दुसरा चर्रर्र. चौथा चर्रर्र. तिसऱ्यावर पाणी नुसतं ओघळलं. तो बराच वेळ पेटलाच नव्हता.

उघडून पाहिलं. जुन्या नळीत दांडी रुतून बसलेली, हातोडीनं हलेना. मिस्त्रींच्या नळीतली दांडी साहेबांनी करंगळीनं ढकलली. ती सरकली. परत ढकलली. मला वाटतं त्यांनी ती तीस-चाळीस वेळा ढकलली असेल. शेवटी वही काढून म्हणाले, “पन्नास तास पूर्ण झालेले नाहीत.”

मिस्त्री फडक्याला हात पुसू लागले.

“पण पन्नास तासांत जे कधी झालं नसतं ते पाच मिनिटांत झालं. चारही बसवा.” आणि कागदावर, ‘करणाऱ्याचे नाव’ अशा रकान्यात, त्यांनी मिस्त्रींना विचारून त्यांचं नाव लिहिलं. मलाही ते तेव्हाच पहिल्यांदा कळलं. मी ते इथं देत नाही. गावानं त्यांना कधी नावानं हाक मारली नाही, मी कोण मारणार.

चार नळ्या बसल्या, इंजिन विमानाला चढलं. उरलं उडणं. कॅप्टननी पावलं मोजली आणि डोकं खाजवलं. उतरताना भागलं होतं, उडायला शेत अपुरं पडत होतं. मागचे दोन बांध काशीबायचेच. तिनं ते सकाळीच फोडले. पण नाकासमोरचा बांध तिचा आणि रामाचा. तो फोडायचा तर दोघांनी. फोडला की त्याची खूण जाणार, आणि मग परत कुठं घालायचा?

सगळं गाव बांधावर उभं. रामा पुढं आला. भुसाच्या प्रकरणापासून तो मान वर करत नव्हता.

“वयनी, माझ्यामुळं त्याचं दुकान जात हुतं. मी फोडतो. पन परत घालताना माप मिस्त्रीनं घ्यायचं. दुसऱ्या कुनावर माझा इस्वास नाय.”

“माझा तरी कुठं हाय,” काशीबाय म्हणाली. मग तिला सुचलं. “मिस्त्री, तू वर चाललास न्हवं? वरून जुनी रेघ दिसल बग. आजेसासऱ्याच्या टायमाची. नीट बगून ये. तू म्हनशील तितं खुंटी.”

“तितं खुंटी,” रामा म्हणाला.

“आनि लगोलग ये. ओल चाललीय.”

मिस्त्रींनी मान डोलावली. त्यांचं लक्ष त्या पुढच्या जागेकडे होतं. दोघांनी मिळून कुदळी मारल्या. तासाभरात बांध सपाट. मिस्त्री नवा सदरा घालून, दांडका काखेत धरून, पुढच्या जागेत चढले. गॉगल दिला तो त्यांनी कपाळावर चढवला. कॅप्टननी हात वर केला, पंखा फिरला, आणि ते पिवळं विमान काशीबायच्या शेतातून रामाच्या शेतात धावत जाऊन उठलं. गावानं असा आवाज केला की बोरघाटातल्या गाडीच्या ड्रायव्हरनं ब्रेक लावला म्हणतात. दोन फेऱ्या गावावरून मारल्या, मग विमान घाटावर चढलं आणि पुण्याकडे दिसेनासं झालं.

साहेब आकाशाकडे बघत उभे होते, टोपीतलं भोक बोटानं चाचपत.

दिवस कलायच्या आत रस्त्यावर एक ट्रक करकचून थांबला. केबिनमधून मिस्त्री उतरले. पुण्याहून सुटणारी एसटी संध्याकाळशिवाय नव्हती, आणि ओल चालली होती. ज्यानं ट्रकला आयुष्यात हात लावला नाही तो माणूस ट्रकनं आला, ते दोन शेतांसाठी. आल्याबरोबर त्यांनी कोणाशी न बोलता शेतात जाऊन एका टोकाला उभं राहून एक डोळा मिटला, दुसऱ्या टोकाला जाऊन दुसरा मिटला, सुतळी ताणली, आणि तीन खुंट्या ठोकल्या. अशा खात्रीनं, की वरचा देवसुद्धा हरकत घेणार नाही.

“ह्यीच रेघ?” काशीबायनं विचारलं.

“हीच.”

“मी म्हनत हुतो,” रामा म्हणाला.

“मी म्हनत हुते,” काशीबाय म्हणाली. दोघं एकदम चिखल कालवायला लागली. दुसऱ्या दिवशी वाल पडला.

मी मिस्त्रींबरोबर गिरणीत गेलो. त्यांनी दांडका खुंटीला लावला. त्यांच्या उजव्या कानाभोवती, दांडका दाबून दाबून, बांगडीसारखा लाल वळ उठला होता. मी विचारलं, “कशी होती रेघ वरून? मला सांगा, मी नकाशात काढून ठेवतो.”

“कुठली रेघ?”

“बांधाची.”

मिस्त्रींनी दाराकडे पाहिलं, कोणी नव्हतं. “मास्तर, डोळे कोणी उघडले होते? चढल्यापासून पुण्यात टेकेपर्यंत दांडका आणि कान. चौघी जणी बोलत होत्या हो. चौघी. एकीचा सूर ढळला नाही.”

“अहो, मग खुंट्या?”

“खुंट्या मधोमध,” मिस्त्री म्हणाले. “अर्ध्या केसाचा फरक असेल. तो मी काशीबायच्या बाजूला दिलाय, तिचाच होता.”

त्यांनी लेथ सुरू केला. बांध अजून तिथंच आहे. दोन्हीकडचे लोक पाहुण्यांना तो दाखवतात आणि सांगतात की आमची हद्द विमानातून बघून ठरवलेली आहे. मीही मान डोलावतो.